तबकडी बनवणाऱ्यांनी राखलेली पेढी

पेढी उभी करणे कठीण. परंतु दुसऱ्याने उभी केलेली पेढी त्याच्याच नावाने राखणे त्याहून कठीण. जिनिव्हातील पाटेक फिलिप या घड्याळांच्या पेढीचा इतिहास याची साक्ष देतो.

पोलंडमधील १८३०-३१ च्या उठावात रशियाविरुद्ध लढलेला अंतोनी पाटेक पराभवानंतर मायदेशाला पारखा झाला आणि जिनिव्हात स्थिरावला. १८३९ मध्ये त्याने फ्रान्सिशेक चापेक या घड्याळजीशी भागीदारी केली. ती सहा वर्षे टिकली. दरम्यान, १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला झाँ आद्रियँ फिलिप हा फ्रेंच कारागीर भेटला. त्या काळी घड्याळाला स्वतंत्र किल्लीने चावी द्यावी लागे. फिलिपने ती किल्लीच अनावश्यक ठरवली होती. पाटेकने हा गुण हेरून त्याला भागीदार केले. १८५१ पासून पेढी दोघांच्या नावाने चालू लागली. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने तिचे घड्याळ पसंत केले.

पुढे १९२९ च्या जागतिक मंदीत चैनीच्या वस्तूंची मागणी आटली आणि पेढी संकटात सापडली. गिऱ्हाईक अडचणीत आले, की माल पुरवणारा सहसा आपली येणी वसूल करून दूर होतो. पाटेक फिलिपला तबकड्या पुरवणाऱ्या शार्ल व झाँ स्टर्न या बंधूंनी मात्र १९३२ मध्ये ती पेढीच विकत घेतली. संस्थापकांचे नाव त्यांनी तसेच ठेवले. त्याच वर्षी ‘कलाट्राव्हा’ हे साधे, गोल मनगटी घड्याळ बाजारात आले. ते आजही पेढीची ओळख मानले जाते.

१९७० च्या दशकात स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांनी स्वित्झर्लंडमधील हजारो कारागिरांचा रोजगार हिरावला. त्या काळातही स्टर्न घराण्याने यांत्रिक घड्याळांची कारागिरी सोडली नाही. २००९ पासून चौथ्या पिढीतील थिएरी स्टर्न अध्यक्षपदी आहेत.

१८३९ पासून विकलेले आपले कोणतेही घड्याळ दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ही पेढी आजही मानते. त्यांतील जवळपास शंभर वर्षांची घड्याळे स्टर्न घराण्याने विकलेलीच नव्हती. तरी त्यांचा भार त्यांनी आपला मानला. पेढीबरोबर तिची येणी घेणारे पुष्कळ असतात. पूर्वीच्या धन्याने दिलेला शब्दही जो आपल्या वहीत उतरवून घेतो, त्याच्याच हाती पेढीची पत सुरक्षित राहते.