यंत्राचा उष्मा आणि माझा संताप

गेल्या वैशाखांतील गोष्ट आहे. नागपूरचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन ऐकविण्याची गरज नाहीं, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस तें खरें वाटणार नाहीं. पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारीं रस्ते ओस पडतात, व घरोघरीं वाळ्याचे कूलर भर आवाजांत फिरूं लागतात. अशा दिवसांत आमच्या घरांतील संगणक ऐन कामाच्या मध्यावर आपोआप बंद पडूं लागला, आणि त्यापायीं माझ्या हातून माझ्या नातवावर एक अन्याय घडला. तो कसा घडला, आणि त्याचें निरसन करतांना या वयांत मला काय शिकावें लागलें, तें सांगण्यासाठीं हा लेख. हल्लीं पुष्कळ घरांत असें यंत्र असतें, व मी केली ती चूक करणारे वडीलधारेही असतीलच.

आमचें कुटुंब एकत्र आहे. संगणक माजघरांत असे, आणि माझ्या थोरल्या वहिनी दुपारीं तेथेंच आडव्या होत. त्यांची झोप सावध. "भावजी, तें यंत्र सारखें घुरघुरतें हो," असें त्या दोन-तीनदां म्हणाल्या. इकडे नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या प्रबंधाचें गणित त्या यंत्रावर रात्र-रात्र चाले. दोघांचेंही राहावें म्हणून मीं मधला मार्ग काढला. भिंतींतल्या सागवानी कपाटाचा खालचा खण रिकामा करून यंत्राची पेटी आंत ठेवविली, धूळ बसूं नये म्हणून तिच्यावर सुनेनें विणलेलें आच्छादन घातलें, आणि कपाटाचें दार लावून घेतलें. आवाज कमी झाला. दोन दिवस मी स्वतःवर प्रसन्न होतों.

तिसऱ्या दिवशीं दारांतूनही घरघर ऐकूं येऊं लागली. मीं दाराच्या फटींत एक जुनें धोतर घडी करून खोंचलें. त्याच रात्रीं यंत्र बंद पडलें, व रात्रभराचें गणित वाया गेलें. दुसऱ्या रात्रीं तेंच झालें, तिसऱ्या रात्रींही तेंच. प्रबंध देण्यास नऊ दिवस उरले होते. नातू मला म्हणाला, "आजोबा, यंत्र फार तापतें आहे. तें बाहेर काढूं या." मला त्यांत माझ्या व्यवस्थेचा अवमान वाटला. जेवणाच्या पंगतींत, सर्वांच्या देखत, मी त्याला म्हणालों, "यंत्र तापत नाहीं, तुझे खेळ त्याला तापवितात. अभ्यास करणाऱ्याचें यंत्र असें दमत नसतें." तो कांहीं बोलला नाहीं. ताटावरून मात्र लवकर उठला, आणि त्या संध्याकाळीं माझ्याजवळ बसावयास आला नाहीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं त्यानें माझा हात धरून मला कपाटापाशीं नेलें, दार किंचित् उघडलें, आणि माझा हात आंत धरला. पोळ्या झाल्यावर ओट्याशीं उभें राहावें तशी धग लागली. पडद्यावर त्यानें आंकडा दाखविला : प्रोसेसरचें तापमान १०० अंश. मग त्यानें दार सताड उघडलें, आच्छादन काढलें, आणि तेंच गणित चालू ठेवून मला पंधरा मिनिटें बसविलें. आंकडा ९१ वर आला. एक पैही न खर्चतां नऊ अंश उतरले होते. खेळाचा कोठें संबंधच नव्हता. दोष दाराचा, म्हणजे माझा होता.

त्याच दुपारीं मी त्याला म्हणालों, "मला हें पहिल्यापासून समजावून सांग." चाळीस वर्षें दुसऱ्यांस समजावून सांगण्यांत गेलीं, आतां विद्यार्थी होण्याची पाळी माझी होती.

प्रोसेसर हा नखाएवढा सिलिकनचा तुकडा. आमच्या यंत्रांत इंटेलचा कोअर आय-५ १२४०० आहे. त्याची नेहमींची वीज ६५ वॅट धरतात, पण भारी कामाच्या भरांत ती ११७ वॅटपर्यंतही चढूं शकते. त्यानें कितीही मोठें गणित सोडविलें तरी घेतलेली सगळी वीज शेवटीं उष्णताच होते. पूर्वींचा ६० वॅटचा दिवा आठवा. त्याला हात लावण्याची सोय नसे, आणि त्याची उष्णता तर सबंध कांचेच्या गोळ्यावर पसरलेली असे. येथें तेवढी किंवा तिच्या दुप्पट उष्णता नखभर जागेंत. ती वाहून नेली नाहीं तर १०० अंशांपाशीं प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद होतें. आमचें यंत्र आळशी नव्हतें. तें जीव वांचवीत होतें.

माझा पहिला गैरसमज असा कीं, पंखा म्हणजे थंड करणारी वस्तु. वास्तविक लहानपणीं पाठ केलेला तर्कसंग्रह मला येथें उपयोगी पडावयास हवा होता. अन्नंभट्टानें उष्ण स्पर्श तेजाला दिला, शीत स्पर्श जलाला दिला, आणि वायूचा स्पर्श ना उष्ण ना शीत असा सांगितला. पंख्याचें नेमकें तसेंच आहे. तो गारवा उत्पन्न करीत नाहीं. तापलेली हवा हलवून तिच्या जागीं दुसरी आणतो, एवढेंच. म्हणून केवळ हवेच्या जोरावर कोणतेंही यंत्र खोलीच्या तापमानाच्या खालीं जात नाहीं. न्यूटननें १७०१ सालीं मांडलेला नियमही हेंच सांगतो कीं, वस्तूची उष्णता किती वेगानें जाईल तें वस्तु व भोंवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतें. यांतून खरेदी करणाऱ्यानें एक व्यावहारिक धडा घ्यावा. थंड देशांत २०-२१ अंशांच्या खोलींत घेतलेलें मोजमाप वाचून भुलूं नये. त्यांत खोलीपेक्षां यंत्र किती अंश वर गेलें तेवढेंच पाहावें, आणि तो आंकडा आपल्या वैशाखाच्या आंकड्यांत मिळवावा.

आतां उष्णतेची वाट. प्रोसेसरवर धातूचें झांकण असतें व त्यावर हीटसिंक बसतें. हीटसिंक म्हणजे तांब्याची किंवा अॅल्युमिनमची बैठक आणि तिला जोडलेली पातळ पात्यांची जुडी. तांबें हवेपेक्षां सुमारें पंधरा हजार पट अधिक सुलभतेनें उष्णता वाहून नेतें, आणि अॅल्युमिनम त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक. पण दोन धातू वरवर कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांवर ठेवल्यास मध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांत हवा शिरते. त्या बुजविण्यासाठीं एक करडा लेप लावतात. हा लेप धातूहून वाईट वाहक असतो, पण हवेहून पुष्कळच चांगला. म्हणून तो पोकळी भरण्यापुरताच हवा. वाटाण्याच्या दाण्याएवढा पुरतो.

चांगल्या हीटसिंकांत बैठकीपासून पात्यांपर्यंत तांब्याच्या नळ्या गेलेल्या असतात. मला वाटलें त्या भरीव असतील. त्या पोकळ असतात. आंतली हवा काढून थोडेंसें पाणी घालून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. तापलेल्या टोकाशीं त्या पाण्याची वाफ होते, ती गार टोकाकडे धांवते, तेथें पुन्हां पाणी होऊन उष्णता सोडते, आणि नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें पाणी माघारीं येतें. अमेरिकेंतील गॉगलर यांस या कल्पनेचें पेटंट १९४४ सालीं मिळालें होतें. लॉस अलामॉस येथील ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं ती स्वतंत्रपणें सिद्ध केली. समुद्र, मेघ आणि पर्जन्य यांचें सबंध चक्र त्या करंगळीहून बारीक नळींत अखंड चालतें, हें ऐकून मी कांहीं वेळ गप्पच बसलों.

एवढें झाल्यावर आम्ही बाजारांत गेलों. दुकानांत नातवानें "कूलर दाखवा" म्हटलें, तेव्हां आमच्या अंगणांतल्या वाळ्याच्या कूलरची मला आठवण झाली, व तोच यंत्रापुढें कां ठेवूं नये असें मीं विचारलें. दुकानदार हंसला नाहीं, हें त्याचें सौजन्य. त्या कूलरनें खोली गार झाली तर यंत्राचेंही भलेंच होतें. परंतु त्याचा झोत सरळ पेटींत सोडूं नये, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार आंत जाण्याचा संभव असतो. मग दुकानदारानें पाणी फिरवून गार करणारा महाग संच पुढें केला. मोठाल्या प्रोसेसरांस, जे अडीचशें वॅटपर्यंत जातात, त्यांस तो कदाचित् शोभेल. पण त्यांतलें पाणीही शेवटीं उष्णता खोलींतल्या हवेलाच देतें, आणि वर एक पंप जास्त बिघडावयास राहतो. आमच्या कामाला तो नको होता.

निवड करतांना पाहावयाच्या गोष्टी थोडक्या आहेत. पहिली, प्रोसेसर भर कामांत किती वॅट घेतो. दुसरी, हीटसिंकची उंची. आमच्या पेटींत १६० मिलिमीटरपर्यंतच मावतें, म्हणून आम्हीं चार नळ्यांचें व १५५ मिलिमीटर उंचीचें घेतलें. बाजारांतलें उत्तमांतलें उत्तम हीटसिंक १६५ मिलिमीटर उंच होतें. तें घेतलें असतें तर पेटीचें दार लागलें नसतें, आणि दाराशीं झालेलें माझें वैर पुरेसें होतें. तिसरी, शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांवर तें टेकत नाहीं ना. चौथी, प्रोसेसरच्या बैठकीशीं जुळणारी चौकट बरोबर येते ना.

त्यानंतर पेटीचे पंखे. येथें मला हिशेबाची गोडी लागली. सबंध यंत्र २०० वॅट उष्णता टाकीत असेल आणि आंतली हवा बाहेरच्याहून दहा अंशांपेक्षां अधिक तापूं द्यावयाची नसेल, तर दर मिनिटाला सुमारें एक घनमीटर हवा पेटींतून जावी लागते. माझ्या कपाटाच्या खणांत सगळी मिळून अर्धा घनमीटरही हवा नव्हती, आणि तीच ती बिचारी पुन्हां पुन्हां फिरत होती. आम्हीं १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुढें आंत घेण्यासाठीं व एक मागें बाहेर टाकण्यासाठीं लावला. आंत येणारी हवा थोडी जास्त असली म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाहीं, व जी येते ती पुढच्या जाळीवर अडते.

आवाजाचा नियम वहिनींच्या झोपेसाठीं महत्त्वाचा होता. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारें पंधरा डेसिबलनें उतरतो, आणि तसाच एक पंखा आणखी लावला तर तो तीनच डेसिबलनें वाढतो. म्हणून एक पंखा धांवविण्यापेक्षां दोन सावकाश चालविणें शहाणपणाचें. जाळी किंवा पात्यांची दाट जुडी समोर असेल तेथें मात्र दाब देणारा पंखा निवडावा. मोकळ्या जागीं नुसती भरपूर हवा देणारा चालतो. चार टांचण्यांची जोडणी असलेला घ्यावा, म्हणजे गरजेप्रमाणें वेग आपोआप कमीजास्त होतो. आमचा पंखा तोच नियम पाळीत होता. मी दार जितकें घट्ट लावी तितका तो जोरानें फिरे, आणि तो जितक्या जोरानें फिरे तितकें दार मी घट्ट लावी.

जोडणी घरींच केली. नातवाचे हात आणि माझा चष्मा. हीटसिंकच्या बुडाला एक पातळ पारदर्शक कागद चिकटविलेला असतो. तो काढावयास पुष्कळ जण विसरतात. आम्ही विसरलों नाहीं, कारण सूचनापत्रिका मी मोठ्यानें वाचीत होतों. पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल तर ज्या बाजूला आधाराच्या काड्या दिसतात त्या बाजूनें हवा बाहेर पडते. खात्रीसाठीं नातवानें संक्रांतीच्या पतंगाच्या कागदाची पट्टी धरली. ती पुढून आंत ओढली गेली व मागें बाहेर फडफडली. यंत्र कपाटांतून काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर, टेबलाच्या बाजूस ठेवलें. त्या रात्रीं खोलींत ४१ अंश असतां तेंच गणित चालू होतें, आणि आंकडा ७८ वर स्थिर राहिला. दर दोन महिन्यांनीं जाळी झाडणें हें काम मीं माझ्याकडे घेतलें आहे. झाडतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, तीं गरगर फिरूं देऊं नयेत.

आणखी एक काम उरलें होतें. तें जोडणीहून अवघड गेलें. पंगतींत सर्वांच्या देखत बोललेला शब्द खोलींत एकट्यापाशीं परत घेणें मला योग्य वाटेना. दुसऱ्या दिवशीं जेवतांना मी म्हणालों, "परवां मी याला खेळावरून बोललों, तें चुकीचें होतें. यंत्र मीं कोंडलें होतें, आणि यानें सांगितलें तें मीं ऐकलें नाहीं." पंगत क्षणभर स्तब्ध झाली. नातू ताटाकडे पाहत म्हणाला, "आजोबा, आवाजाचा त्रास खरा होता." त्यानें मला वाट करून दिली, मलाही त्यानें मागें सांगितलें तेव्हांच तशी देतां आली असती.

प्रबंध मुदतीच्या एक दिवस आधीं गेला. वहिनी अजून माजघरांतच निजतात. त्या आठवड्यांत एकदां दुपारीं त्या जाग्या होऊन मला म्हणाल्या, "भावजी, तें यंत्र विकलें वाटतें? बरेंच दिवसांत आवाज नाहीं." यंत्र त्यांच्या उशापासून पांच हातांवर चालू होतें.