रमण्यापासून गणेशखिंडीपर्यंत

विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक काळ असा येतो की, वार्षिक परीक्षेची धास्ती मागे पडलेली असते, प्रपंचाचा भार अद्याप अंगावर आलेला नसतो आणि विद्येची खरी गोडी मात्र नुकतीच लागलेली असते. हा काळ ज्याला एखाद्या विद्यानगरीत घालवावयास मिळाला तो भाग्यवान, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. माझ्या वाट्याला तो पुण्यात आला. इतिहास विषयात एम. ए. होऊन, मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वातील महसुली व्यवस्थेवर प्रबंध लिहिण्याच्या संकल्पाने मी १९६३ च्या जूनमध्ये कऱ्हाडकडील आमच्या गावाहून एक ट्रंक, एक वळकटी आणि एक जुनी सायकल घेऊन गणेशखिंडीस येऊन दाखल झालो.

पुणे विद्यापीठ तेव्हा वयाने लहानच होते. १९४९ मध्ये स्थापन होऊन बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या कुलगुरुपदाखाली त्याचा कारभार सुरू झाला तो मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी निवासासाठी बांधलेल्या भव्य पाषाणी वास्तूत. त्या वास्तूच्या उंच मनोऱ्याकडे पाहत सकाळी सायकल काढावयाची आणि गणेशखिंडीच्या रस्त्याने शहराकडे उतरावयाचे, हा माझा क्रम असे. याच रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नित्याच्या वाटेवर असे स्थळ भेटावे, ही त्या शहराची सहज देणगी होय.

माझे काम पेशवे दप्तरात. संगमाचा पूल ओलांडून कौन्सिल हॉलच्या बाजूस गेले म्हणजे ती इमारत लागते. विभागप्रमुखांचे शिफारसपत्र, रीतसर अर्ज आणि त्यावर मिळालेला परवाना, एवढे सोपस्कार झाले की कारकून तुमच्यासमोर एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे, आणून ठेवी, आणि त्या जाड कापडाची गाठ सुटली की जमाखर्च, ताळेबंद, सनदा, ताकिदी, कमाविसदारांची पत्रे असा सारा संसार टेबलावर पसरे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या अवघ्या चार-पाच वर्षांत या दप्तरातून ४५ खंड निवडून काढले, या गोष्टीचे खरे महत्त्व मला पहिला रुमाल सोडल्यावरच कळले. मोडीचे वळण मी भारत इतिहास संशोधक मंडळातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडे गिरविले होते. तरीही लेखणी न उचलता ओढलेली ती घसट प्रथम पाहिली तेव्हा नजर ठरेना. मग हळूहळू एकेका कारकुनाचे हस्ताक्षर ओळखीचे झाले. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिलेले वर्ष पाहताच ११७२ हा आकडा आणि त्यामागोमाग इसवी सन १७७१ आपोआप मनात उभे राहू लागले. हे शुहूर सन मृगाबरोबर सुरू होई, कारण शेतीचे वर्ष तेव्हाच सुरू होते. आमच्या विद्यापीठाचे वर्षही त्याच सुमारास उघडे, आणि पहिल्या पावसात भिजत दप्तरात जाताना मला या योगाचा मनापासून आनंद वाटे.

एकदा श्रावणमास दक्षिणेचे कागद हाती आले. अमुक क्षेत्रीचा वैदिक, अमुक शास्त्र पढलेला, त्यास इतके रुपये, अशा नोंदींवर नोंदी. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण जमत आणि पेशवे सरकार त्यांस दक्षिणा वाटी, हे मी ग्रंथांत वाचले होते. परंतु नावनिशीवार ती रक्कम डोळ्यांनी पाहणे ही गोष्ट वेगळी. पेशवाई बुडाल्यावर याच दक्षिणेच्या निधीतील काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज निघाले, आणि त्याच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. मी कुणब्याच्या घरचा. माझ्या खापरपणज्याला त्या रमण्यात उभे राहण्याचा अधिकार नव्हता; आणि आज त्याच दक्षिणेचा हिशेब मी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर राहून तपासत होतो. त्या दिवशी संध्याकाळी मी परस्पर पर्वतीवर गेलो व बराच वेळ शहराकडे पाहत बसलो. तेव्हा मनात राग नव्हता. हे विद्याधन आपलेही आहे आणि ते मागून घेण्याचा आपला हक्क आहे, ही जाणीव होती. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली नसती, तर तो हक्क माझ्यापर्यंत किती उशिरा पोचता, हेही मी विसरू शकत नाही.

परंतु केवळ दप्तरात बसलो असतो तर मला निम्मेच पुणे भेटले असते. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ पासून चालत आलेली. उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी निवृत्त मामलेदार, शिक्षक, छापखान्यातले जुळारी आणि माझ्यासारखे विद्यार्थी एकाच रांगेत बसून ऐकत, व्याख्यान संपल्यावर वक्त्याला घेरून शंका विचारीत, आणि तो वाद रस्त्यात सायकली हातात धरून रात्री उशिरापर्यंत चाले. डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव असे. शाल पांघरून, थर्मासातला चहा शेजाऱ्याबरोबर वाटून घेत पहाटेच्या रागांपर्यंत बसून राहणे, आणि उजाडताच खाणावळीत न जाता सरळ अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांची फळी उघडण्याची वाट पाहणे, यांत जे सौख्य होते ते सांगून कळावयाचे नाही.

रविवारी भांडारकर संस्थेमागच्या टेकडीवर चढावे. खाली त्या संस्थेत महाभारताच्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काम १९१९ पासून चाललेले, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची शिस्त घालून दिली आणि ते १९४३ मध्ये कार्य अपुरे टाकून गेले. मी पुण्यात असतानाच, १९६६ मध्ये, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची सांगता झाली. एका ग्रंथाच्या शुद्ध पाठासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे खपतात, हे ज्या गावात प्रत्यक्ष दिसते तेथे स्वतःच्या प्रबंधाची घाई आपोआप ओसरते. प्रबंध दोन वर्षांत उरकावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, हे मी योग्यच केले असे आजही मला वाटते.

पुण्यात संशोधनासाठी आलेल्या तरुण मित्रांनी विद्यापीठाच्या आवारातच दिवस काढू नयेत, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. सदाशिव पेठेत इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथे जाऊन जाणकारांकडून मोडी शिकावी. पेशवे दप्तरातील पुष्कळसे रुमाल अद्याप कोणी वाचलेले नाहीत. त्यांसाठी अर्ज करावा.