जामीन आणि जनरव

परवां सायंकाळीं आम्ही शेजारच्या तात्यांच्या ओसरीवर बसलों होतों. आंत दूरचित्रवाणीवर एका गाजलेल्या खटल्याची वार्ता चालली होती. आरोपीस जामीन मिळाला असें कानीं पडतांच तात्या उसळून म्हणाले, "सुटला एकदांचा! मास्तर, मग न्यायालयें हवींत तरी कशाला?" घरांतील मंडळींनींही माना डोलावल्या. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. परंतु घरीं परतल्यावर तो 'सुटला' शब्द मनांत घोळूं लागला, आणि त्याबरोबर आमच्याच हातून घडलेली एक जुनी चूकही आठवली. त्या दोहोंविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. जुन्या मास्तराची खोड दुसरी काय असणार! 'जामीन' हा शब्द अरबींतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा मनुष्य असा आहे. आपल्या धर्मशास्त्रांत त्यासच 'प्रतिभू' म्हटलें आहे. याज्ञवल्क्यानें प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत: कोणी मनुष्यास वेळेवर हजर करण्याची हमी घेतो, कोणी त्याच्या विश्वासूपणाची, तर कोणी त्याच्या देण्याची. आजच्या फौजदारी जामिनाचें नातें यांपैकीं पहिल्याशीं आहे. म्हणजे जामीन ही निर्दोषत्वाची सनद नव्हे. बोलवाल तेव्हां हा येईल, एवढेंच तें वचन आहे. खटला उभाच असतो, पुरावा व्हावयाचाच असतो, आणि दोष ठरल्यास शिक्षाही चुकत नाहीं.

आतां गाजावाजाचा प्रश्न. वृत्तपत्रांनीं आरोपीभोंवतीं रान उठवावें हा कांहीं आजचाच प्रकार नव्हे. २२ जून १८९७ रोजीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली, आणि मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनीं त्या कृत्याचा संबंध 'केसरी'तील लेखांशीं जोडून एकच कोलाहल केला. २७ जुलैस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारला; हायकोर्टांतील पहिला अर्जही फसला. अखेर ४ ऑगस्टला न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं जामीन मंजूर केला. त्या वेळीं टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. पुढें काय झालें? ८ सप्टेंबरला खटला सुरू झाला, टिळक हजर झाले, आणि १४ सप्टेंबरला त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ती शिक्षा न्याय्य होती असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु जामीन दिल्यानें सरकारचें कांहींएक अडलें नाहीं, हें तर उघड आहे. आरोपीस मात्र आपल्या बचावाची तयारी तुरुंगाबाहेर राहून करतां आली.

अकरा वर्षांनीं, १९०८ सालीं, मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर वातावरण पुन्हां तसेंच तापलें आणि टिळक पुन्हां पकडले गेले. ह्या वेळीं जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनीं चालविला. न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनीं अर्ज फेटाळला, आणि कारणें सांगणें इष्ट नाहीं असें म्हणून तीं सांगितलींही नाहींत. माणूस तोच, आरोपही राजद्रोहाचाच, आणि पूर्वीं जामिनावर असतांना वेळेवर हजर झाल्याचा दाखला डोळ्यांपुढें! अशा वेळीं कारण न सांगतां जामीन नाकारला म्हणजे बाहेरचा गलबला न्यायासनापर्यंत पोंचला कीं काय, अशी शंका लोकांच्या मनांत राहतेच.

आतां आमची चूक सांगतों. आम्ही सातवीच्या वर्गावर असतांना एकदां फीचे गोळा केलेले पैसे नाहींसे झाले. कोणा मुलानें एका गरीब विद्यार्थ्याचें नांव घेतलें. पाहतां पाहतां सारा वर्ग तेंच नांव घेऊं लागला. पुरावा विचाराल तर कांहीं नव्हता. तरीही 'चौकशी होईपर्यंत' म्हणून आम्हीं त्यास तीन दिवस वर्गाबाहेर उभें केलें. चवथ्या दिवशीं ते पैसे आमच्याच हजेरीपटाच्या खोळींत सांपडले. आम्हीं सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली, तो परत बाकावर बसला. परंतु त्यानंतर वर्षभर त्यानें प्रश्नाचें उत्तर देण्यास एकदांही हात वर केला नाहीं. तो पळून जाईल, किंवा पैसे लपवील, म्हणून कां आम्हीं त्यास बाहेर ठेवला होता? छे! वर्गाचा आरडाओरडा थांबावा म्हणून ठेवला होता. शिक्षा आधीं झाली, चौकशी मागाहून.

तात्यांचा आक्षेप अगदींच निराधार आहे असें नव्हे. गाजलेल्या खटल्यांतील आरोपी पुष्कळदां वजनदार असतो; तो साक्षीदारांस धमकावील, पुरावा नष्ट करील, परदेशीं पळेल, ही भीति खरी असूं शकते. ती खरी असल्याचें सरकारपक्षानें दाखवावें, आणि न्यायालयानें त्या कारणास्तव जामीन खुशाल नाकारावा. पारपत्र जमा करणें, ठाण्यावर हजेरी देणें, साक्षीदारांस न भेटणें अशा अटीही घालतां येतात. परंतु वृत्तपत्रांतील मथळ्यांची संख्या हा पुरावा नव्हे. उलट ज्याचा चेहरा घरोघरीं ओळखीचा झाला, त्यास लपून राहणें अधिकच कठीण!

जामीन हा नियम आणि कारावास हा अपवाद, हें तत्त्व न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें. २०२० सालीं एका अभिनेत्रीच्या प्रकरणांत वाहिन्यांनीं तर रात्रंदिवस काहूर माजविलें होतें. प्रसिद्ध व्यक्तींस अधिक कठोरपणें वागवावें, म्हणजे तरुणांस जरब बसेल, असा युक्तिवाद तींत झाला. मुंबई उच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. प्रसिद्ध मनुष्यास न्यायालयांत विशेष सवलत नाहीं, तसें विशेष ओझेंही नाहीं, अशा आशयाचें मत देऊन न्यायालयानें तिला जामीन दिला. तोंवर तिचा महिनाभर तुरुंगांत गेला होता.

कोणी म्हणेल, नामवंतांची चिंता तुम्हांस कशाला? आम्हांस चिंता आहे ती ज्यांचें नांव कोठेंच छापलें जात नाहीं त्यांची. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशांतील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकीं सुमारें तीन बंद्यांचा खटला अजून निकालांत निघावयाचा होता. ज्याच्यापाशीं नामांकित वकील आहेत त्याचाही जामीन गलबल्यानें अडूं लागला, तर निर्धनाच्या अर्जाकडे पाहण्याचें धैर्य तालुक्याच्या न्यायाधीशानें कोठून आणावें?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तात्यांना हजेरीपटाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, त्या पोराचें पुढें काय झालें?" आम्हांस तें ठाऊक नाहीं. वर्ष संपल्यावर त्यानें शाळा सोडली. वाचकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं पुन्हां एखाद्या आरोपीस जामीन मिळाल्याचें ऐकाल, तेव्हां 'सुटला' असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तो सुटलेला नसतो. त्याची चौकशी अजून व्हावयाची असते, एवढेंच.