आय. सी. कॉलनीतलं पोर्क आणि जपानी शेवया

आमच्याकडे मासे चालतात, कोंबडी चालते; पण डुकराचं मांस कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. लेक नववीत. जपानी कार्टून पाहून पाहून तिनं हट्टच धरला, "वाढदिवसाला केक नको, पोर्कचं रामेन कर!" सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेवटी तह झाला. पातेलं वेगळं घ्यायचं आणि तेवढा वेळ त्या गॅलरीत बसणार!

आता पोर्क आणायचं कुठून? मी अर्धवेळ शाळेत मराठी शिकवते. वर्गातल्या एका मुलाची आई बोरिवली पश्चिमेला आय. सी. कॉलनीत राहते. तिला भीतभीतच विचारलं. "या ना बाई, मीच घेऊन देते," ती म्हणाली.

आम्ही पूर्वेला राहणारे. पश्चिमेला जाणं होई ते खरेदीपुरतं. ही वस्ती मी कधी पायी पाहिलीच नव्हती. नाक्यावर झेंडूची माळ घातलेला क्रूस, बेकरीतून येणारा ताज्या पावाचा वास, कोल्ड स्टोअरेजच्या काचेआड लोंबणाऱ्या सॉसेजेसच्या माळा! इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून कॉलनीला हे नाव पडलं. जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळची शिवाची; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं.

खरेदी झाल्यावर ती घरी घेऊन गेली. मी कौतुकानं म्हटलं, "मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

ती हसली. "बाई, घरात आम्ही मराठीच बोलतो. आम्ही ईस्ट इंडियन. इथलेच."

मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. मुंबई-साष्टीचे हे जुने रहिवासी. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. आमचं बिऱ्हाड गिरगावातून इथे आलं ते सासऱ्यांच्या काळात. आणि तिच्याच मुलाला मी दोन वर्षं मराठी शिकवत्येय!

निघताना तिनं थोडा बाटली मसाला बांधून दिला. उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. "हा जपान्याला नको हं, तुमच्या उसळीला," म्हणाली. पोर्क परतायची रीतही तिचीच.

जपानात पोर्कच्या हाडांचा रस्सा तासन् तास उकळतात. आपल्याला कुठला एवढा वेळ! झटपट नूडल्स निघाल्या त्याही जपानातच, 1958 साली. मोमोफुकु आंदो यांनी त्या काढल्या. बायकोला तळण काढताना पाहून नूडल्स तळून वाळवायची युक्ती त्यांना सुचली, असं सांगतात.

चौघांसाठी: चरबीसकट 300 ग्रॅम पोर्कचे पातळ काप तेल न घालता मंद आचेवर परता. स्वतःचीच चरबी सुटते. तांबूस झाले की इंचभर आलं, सहा लसूण पाकळ्या ठेचून घाला. मग सहा कप पाणी, तीन मोठे चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर. झाकून अर्धा तास उकळा. पोर्क कच्चं राहता कामा नये. चार पाकिटं नूडल्स वेगळ्या पाण्यात दोन मिनिटं उकडून निथळा. पाकिटातला मसाला घालू नका, त्याच्यापुढे रश्श्याची चव लागत नाही. वाडग्यात नूडल्स, वर कढत रस्सा, सात मिनिटं उकळलेलं अर्धं अंडं, पातीचा कांदा आणि भाजलेल्या तिळाची भरड.

लेकीनं वाडगा चाटूनपुसून संपवला. ह्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. सासूबाई गॅलरीतच होत्या. रात्री मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या इथल्या, नि आपण पाहुणे. त्यांना एकदा जेवायला बोलाव."

ते पातेलं अजून गॅलरीतच असतं. पण परवा त्याच्यासाठी नवी घासणी सासूबाईंनीच काढून दिली.