धुतल्यावर जाणारा रंग आणि न जाणारा रंग

युरोप-अमेरिकेतली गोरी माणसं पैसे मोजून सावळी होतात, हे सांगितलं की आमच्या वस्तीतल्या पोरींना हसू येतं. पण ते खरं आहे. उन्हात न बसता अंग तपकिरी करणारं लोशन तिथं साध्या दुकानात मिळतं.

त्यात डायहायड्रॉक्सीअॅसिटोन नावाची साखर असते. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थराशी तिचा संयोग झाला की तपकिरी रंग येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात ईवा विट्गेनस्टाईन ही साखर मुलांना औषध म्हणून देत होत्या. ती सांडली तिथं कातडी तपकिरी झालेली त्यांना दिसली.

मेलेला थर झडतो, तसा हा रंग पाच-सात दिवसांत उतरतो. तो टिकवायला तिथले लोक किती जपतात बघा! लावण्याआधी कातडी हलक्या हातानं घासून घ्यायची. कोपर, गुडघे, घोटे जास्त रंग पितात, तिथं कमी लावायचं. नंतर काही तास पाणी लागू द्यायचं नाही. मग रोज मॉइश्चरायझर, कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, टॉवेलनं न घासता टिपणं. आणि सनस्क्रीन लावायचंच, कारण हा रंग उन्हापासून वाचवत नाही.

ही हौस आली कुठून? शेतमजूर उन्हात राबत होते तोवर तिथल्या बड्या घरच्या बायका छत्री घेऊन फिरत. मजूर कारखान्यात कोंडले गेले आणि विसाव्या शतकात रापलेलं अंग हे सुट्टीचं, पैशाचं लक्षण ठरलं. रंग तोच होता. अंग कुणाचं, यावर त्याची किंमत ठरली. आठवडाभराचा तपकिरी रंग फॅशन झाला, पण जन्माचा तपकिरी रंग असलेल्यांना तिथं आजही वंशभेद सोसावा लागतो.

इथंही तेच आहे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवलं. तरी 'काळा म्हणजे खालचा' हा समज आपण उराशी धरून बसलो आहोत. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात 'गोरी मुलगी हवी' असं लिहिलेले बायोडेटा आम्ही वाचले आहेत. पोटजात मानत नाही म्हणणारा मुलगा रंग मात्र विचारतो. ही कसली क्रांती?

त्याची किंमत पोरी मोजतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढं कातडी पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. क्रीम बंद केलं की आग होते. काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, तो मूत्रपिंडाला घातक आहे. लोशनवाल्यांचा रंग मेलेल्या थरावर बसतो. आपल्या पोरी जिवंत कातडी जाळून घेतात.

कातडीची काळजी जरूर घ्या. मॉइश्चरायझर लावा, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. वांग सावळ्या चेहऱ्यावरही येतो. ट्यूब वापरत असाल तर एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममधून 'वर्ण' हा रकाना काढून टाकायची मागणी आपणच करू.

जय भीम!