गाव विचारलं तर कापिस सांग

प्रिय तारा,

परवा फोनवर तू सहज सांगून गेलीस, की मनिलाच्या वसतिगृहात कुणी गाव विचारलं तर तू ‘इलोइलो’ म्हणतेस. कापिस म्हटलं की मुली मीठ-लसूण शोधायचं नाटक करतात, रात्री उडतेस का म्हणून विचारतात. रोज कोण वाद घालणार, म्हणून तू शेजारच्या प्रांताचं नाव घेऊन मोकळी होतेस. मला ते फार लागलं. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

त्या मुलींना मीठ-लसूण शोधायला लावणाऱ्या अस्वांगच्या गोष्टी तुझ्या लोलाने, म्हणजे आजीने, मलाही सांगितल्या आहेत. दिवसा चारचौघींसारखी वावरणारी बाई रात्री रूप पालटते, छपरावर येऊन बसते, गर्भारणीच्या पोटातलं मूल खाते. ही भीती फार जुनी. हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मोपदेशकाने 1589 मध्ये टागालोग लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्यात हवेत उडणारा, माणसं खाणारा अस्वांग आहे. आणि लगेच पुढे म्हटलंय, की हा प्रकार विसाया बेटांवरचा, टागालोगांकडे असलं काही नाही. बघ, पहिल्या नोंदीपासूनच अस्वांग दुसऱ्याच्या मुलखात राहतो. मनिलाने तो विसायांकडे ढकलला, विसायांनी कापिसकडे. कापिसमध्येही कुणाला विचारलंस तर तो पलीकडच्या गावाकडे बोट दाखवेल.

मी मूळची सावंतवाडीकडची, मला हे ओळखीचं आहे. मुंबईत नोकरीला लागले तेव्हा ‘तुमच्याकडे देवचार असतात ना, करणी करतात ना?’ हे किती जणांनी विचारलं असेल! ‘रात्रीस खेळ चाले’ टीव्हीवर आल्यानंतर तर त्या मालिकेतला आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरभरून लोक यायला लागले. पण भुताच्या गोष्टीने गावाची करमणूक होते. जिवंत माणसाला भूत ठरवलं की त्याचं जगणं मुश्कील होतं. आपल्याच राज्यात सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारझोड झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशा छळासाठीही.

कापिसमध्ये अस्वांग या नावाचा भार कोणी सोसला? लोलाच्या गल्लीत कोपऱ्यावर राहणारे ते काका तुला आठवतात ना? मान एका बाजूला पिळवटलेली, जबडा आपोआप उघडायचा, जीभ बाहेर यायची. तू लहान होतीस, त्यांना बघून आईच्या मागे लपायचीस. तो आजार म्हणजे लुबाग. पनाय बेटावर, त्यातही कापिसमध्ये, तो जगात सर्वाधिक आढळतो. 1976 मध्ये डॉक्टर लिलियन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आईकडून मुलाकडे येतो, म्हणून रुग्ण बहुतेक पुरुषच. ऐन चाळिशीच्या आसपास, घरात लहान मुलं असताना, अंग आपलं ऐकेनासं होतं. पुढे कंपवातासारखा ताठरपणा येतो, गिळता येत नाही.

अस्वांगच्या गोष्टीचं मूळ या आजारात असावं असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. रुग्ण पुरुष, आणि गोष्टीतली अस्वांग बहुतेक वेळा बाई, हे जुळत नाही. बायकांच्या बाबतीत मला बाबायलानांचा विचार करणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. रोग बरे करणाऱ्या, देवाधर्माचं बघणाऱ्या या बायकांचा गावात मान होता. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं. पण मूळ कुठलंही असो, अंधारात वेडंवाकडं चालणारा आजारी माणूस दिसला की लोकांच्या तोंडी तयार असलेला शब्द आला, हे मी सहज मानू शकते. म्हणून तू गाव लपवतेस तेव्हा त्या काकांनाही लपवतेस असं मला वाटतं, तारा. तू नर्सिंग शिकतेस. लुबाग म्हणजे काय हे त्या मुलींना तू नाही सांगणार तर कोण?

आणि सांगण्यासारखं काय कमी आहे? लोलाच्या जुन्या खिडक्या आठव. शिंपले घासूनपुसून चौकोनी कापायचे, लाकडी जाळीत एकेक बसवायचा, मग दुपारचं कडक ऊनही दुधाळ होऊन आत येतं. काचेची चैन परवडण्याआधी फिलिपिन्समधली घरंच्या घरं या उजेडात राहिली. आज त्या शिंपल्यांचे दिवे देशोदेशी जातात आणि जगभर त्यांना कापिस शेल म्हणतात. माझ्या सासरी, मडगावच्या घरात, अशीच एक खिडकी आहे. शिंपला तोच, प्लाकुना प्लासेंटा. आमच्या चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, कायद्याने त्याला संरक्षण आहे. सासूबाई दर दिवाळीला त्या खिडकीचा एकेक चौकोन ओल्या फडक्याने पुसायच्या. मला तेव्हा कापिस हे नावही ठाऊक नव्हतं.

गायिका होविता फुएन्तेसही कापिसच्याच. 1925 मध्ये इटलीत पियाचेंझाच्या रंगमंचावर ‘मादामा बटरफ्लाय’मधली प्रमुख भूमिका त्यांनी गायली, फिलिपिन्सच्या राष्ट्रीय कलावंत ठरलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्या आहेत. स्वतंत्र फिलिपिन्सचे पहिले अध्यक्ष मानुएल रोहास कापिस शहरात जन्मले, आणि 1951 मध्ये ते शहर त्यांच्या नावाने रोहास सिटी झालं. जुनं नाव प्रांताकडे राहिलं. नोव्हेंबर 2013 मध्ये योलांडा वादळाने छपरं उडवली तेव्हा तू तिथेच होतीस, त्यामुळे लोकांनी पुन्हा कालवांची शेती कशी उभारली ते मी तुला काय सांगू!

मध्यंतरी काही वर्षं रोहास सिटीत अस्वांगच्याच नावाने उत्सव भरवला होता. चर्चने विरोध केला, तो बंद पडला. बदनामीलाच पताका लावायच्या ही हिंमत मला आवडते, पण त्या कोपऱ्यावरच्या काकांच्या बायकोला उत्सवाच्या रात्री काय वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

डिसेंबरच्या उत्सवाला मी येतेय, दादाशी बोलणं झालंय. यावेळी पनाय गावातल्या चर्चची ती 1878 मधली घंटा बघायचीच; गावकऱ्यांनी दिलेल्या सत्तर पोती नाण्यांतून ओतलेली, दहा हजार किलोंहून जड. तुझ्या वसतिगृहातल्या त्या मैत्रिणींनाही घेऊन ये. बायबाय बीचवर कालवं आणि खेकडे मी खाऊ घालेन. दिवाल शिंपलीही मिळाली तर बघ, लोलाला आत्तापासून सांगून ठेव, हल्ली ती सहज मिळत नाही म्हणे.

तुझी,
आत्या