मागच्या बाकावरची जागा

तिसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर रविवारच्या मिस्सेस आम्ही मागच्या बाकावर बसू लागलो. कोणी विचारले, तर बाळ रडते म्हणून दाराजवळ बसतो, असे सांगत असू. खरे कारण निराळे होते. शिंक आली, खोकला आला, किंवा गुडघे टेकून उठावे लागले, की लघवीचे चार थेंब नकळत गळत. लाजेने आम्ही पाणी पिणे कमी केले, आमोण्याहून डिचोलीस बाजाराला जाणे टाळू लागलो, आणि घरातही अबोल झालो.

एके संध्याकाळी वस्त्रे धुताना सासूबाईंनी ते ओळखले. त्या हळूच म्हणाल्या, "हे बाळंतपणाचे भोग, बाये. तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून मी सोसते आहे. तूही सोस." त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या दुःखापेक्षा त्यांच्या तीस वर्षांच्या मौनाचे दुःख मोठे वाटले.

दुसऱ्याच आठवड्यात धीर करून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जे समजावले, ते प्रत्येक घरी ठाऊक असावे, म्हणून येथे मांडतो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तीच खालून आधार देते, आणि मूत्रमार्ग मिटून धरण्यास साहाय्य करते. गरोदरपणी वाढत्या गर्भाशयाचा भार मूत्राशयावर व या झोळीवर पडतो. शरीरातील रसांच्या प्रभावाने तेथील तंतूही सैल होतात. पुढे प्रसूतीच्या वेळी बाळाचे मस्तक बाहेर येताना हे स्नायू फार ताणले जातात, आणि त्यांच्या नसांनाही इजा पोहोचू शकते. बाळ वजनदार असले, कळा देण्यास फार वेळ लागला, किंवा चिमटा लावावा लागला, तर इजेचा संभव वाढतो. मग खोकल्यासरशी पोटात दाब वाढला, की सैल झालेला आधार पुरा पडत नाही. पोट चिरून प्रसूती झाल्यास हा धोका कमी होतो, परंतु टळत नाही; कारण नऊ महिन्यांचा भार तिलाही वाहावा लागतोच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३ स्त्रियांपैकी एकीला थोडाफार हा त्रास होतो. तेव्हा यात लाजण्यासारखे काय आहे?

उपायही साधा आहे. १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी या स्नायूंचा व्यायाम प्रसिद्ध केला. लघवी व वायू अडवून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळावेत, पाच ते दहा सेकंद धरावेत, आणि तितकाच वेळ सैल सोडावेत. श्वास कोंडू नये. पोट व मांड्या ताणू नयेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. लघवी करतानाच ती अडवून हा व्यायाम करण्याची सवय मात्र लावू नये. पाणी तोडणेही चुकीचे. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला अधिक डिवचते. बद्धकोष्ठ व जुनाट खोकला यांवर उपचार करावा. बाळंतिणीने जड कळशी उचलू नये. ती पतिराजांनी उचलावी.

लघवीस जळजळ, ताप, रक्त, लघवी तुंबणे, अंगावर काही खाली उतरल्यासारखे वाटणे, किंवा लघवीची सतत धार लागणे, यांपैकी काही आढळल्यास मात्र व्यायामावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आवश्यक तर ते बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील.

आम्ही व्यायाम आरंभिला, आणि सासूबाईंनाही गळ घातली. "या वयात कसली कसरत!" म्हणून त्या हसल्या; तरी भाजी चिरताना आम्ही दोघी मिळून मनात आकडे मोजू लागलो. तीन महिन्यांत आमचा त्रास बहुतेक गेला. सासूबाईंचा पुरता गेला नाही, परंतु पुष्कळ कमी झाला. राहिलेल्यासाठी त्या आता स्वतःच्या पायांनी डॉक्टरीणबाईंकडे जातात.

गेल्या रविवारी आम्ही दोघी पुढच्या बाकावर बसलो. मागे दाराजवळ एक नवी बाळंतीण दिसली. मिस्सा संपताच सासूबाई आमच्या आधी तिच्यापाशी गेल्या.